पहिल्यांदाच ग्रुपसोबत स्केचिंगला जाताय? मग एवढं करा

सगळं सामान पिशवीत भरून नेऊ नका. पहिल्या दिवशी एक ४बी (मऊ, गडद) पेन्सिल आणि एकच नवीन माध्यम, बास. मी सुरुवातीला चारकोल, शाई, ऑइल पेस्टल असं सगळं एकाच कागदावर घेतलं आणि शेवटी राखाडी चिखल उरला.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका:

- पातळ कागदावर पाणी. ८०-१०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद लगेच सुरकुततो. जलरंग वापरायचे तर ३०० जीएसएम घ्या.
- उलटा क्रम. बरोबर क्रम असा: मेणाचा खडू आधी, पाणीदार रंग नंतर. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे रेघा आपोआप उजळ राहतात. करून बघाच, मजा येते!
- शाई वॉटरप्रूफ आहे का, हे न तपासणं. कोपऱ्यात एक रेघ ओढा, वाळू द्या, ओलं बोट फिरवा. पसरली तर त्यावर ब्रश नको.

खोलीतला दिवा एकाच बाजूला असेल अशी जागा धरा, सावल्या स्पष्ट दिसतात. शेजाऱ्याच्या वहीत डोकावायला हरकत नाही, पण तुलना नको, त्याऐवजी "हे कशानं केलंत?" असं विचारा. चित्रकार मंडळी सामानाबद्दल भरभरून बोलतात, कधी कधी जरा जास्तच.

फिक्सेटिव्ह (चित्र पुसलं जाऊ नये म्हणून मारायचा फवारा), ब्लेंडिंग (छटा एकमेकींत मिसळणं) वगैरे पुढच्या महिन्यात बघू.