इंटेलच्या पेन्टियम ४ या प्रोसेसर चिपची वेगाची घोडदौड ३.८ गिगाहर्ट्झवरच का थांबली?

विजेमुळे, म्हणजे खरं तर तापण्यामुळे. चिप खाते ती वीज वेगाच्या पटीत वाढतेच, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीतही वाढते. वेग वाढवायचा तर बहुधा व्होल्टेजही चढवावं लागतं, म्हणजे दुहेरी फटका.

त्यात पेन्टियम ४ ची रचनाच जास्त गिगाहर्ट्झ गाठण्यासाठी केलेली. तिच्या २००४ च्या प्रेस्कॉट आवृत्तीची पाइपलाइन, म्हणजे प्रत्येक सूचना ज्या टप्प्यांतून पार पडते ती साखळी, तब्बल ३१ टप्प्यांची होती. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले होते की काम नसतानाही त्यांतून वीज झिरपायची. हीटसिंकमध्ये, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागात, धूळ अडकली की पंखा घोंघावायचा आणि चिप आपणच वेग कमी करायची. ३.८ गिगाहर्ट्झच्या चिपचं रेटिंग होतं ११५ वॅट. ४ गिगाहर्ट्झची चिप इंटेलने जाहीर करूनही रद्द केली.

तिकडे प्रतिस्पर्धी कंपनी एएमडीचा प्रोसेसर अ‍ॅथलॉन ६४ कमी गिगाहर्ट्झवर गेम्समध्ये पेन्टियम ४ ला मागे टाकत होता. ही स्पर्धा नसती तर इंटेल इतक्या लवकर वळलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. उत्तर मिळालं इस्रायलमधल्या त्यांच्याच टीमकडे, जिने लॅपटॉपची बॅटरी वाचवणारा पेन्टियम एम घडवला होता. त्याच वाटेने २००६ मध्ये कोअर २ ड्युओ आला: दोन कोअर (एकाच चिपवर दोन प्रोसेसर), २.४ गिगाहर्ट्झ, ६५ वॅट, आणि कामात पेन्टियम ४ पेक्षा कितीतरी सरस.