'सन्स ऑफ नॉर्वे' ही अमेरिकेतली संस्था नेमकी कशासाठी सुरू झाली?

नॉर्वेची संस्कृती जपायला, असं सरसकट सांगितलं जातं. पण पहिलं कारण होतं आजारपण आणि मरण. १६ जानेवारी १८९५ रोजी मिनियापोलिसमध्ये १८ नॉर्वेजियन स्थलांतरितांनी ती स्थापन केली. १८९३च्या मंदीची झळ अजून ओसरली नव्हती. घरातला कमावता माणूस अंथरुणाला खिळला किंवा गेलाच, तर परक्या मुलुखात बायकामुलांना आधार कोणाचा? म्हणून सभासदांनी वर्गणी काढून एकमेकांच्या अडीनडीला धावून जायचं ठरवलं. आयुर्विम्याचं काम संस्था अजूनही करते. भाषा, सण, लोककला, खाद्यपदार्थ हे सगळं पुढे वाढत गेलं. मला त्या अठरा जणांबद्दल फार आदर वाटतो, कारण त्यांनी आधी माणसं सावरली. संस्थेचं मुख्यालय आजही मिनियापोलिसलाच आहे.