१५ हजारांत फोटोंचे रंग खरे दाखवणारा मॉनिटर मिळेल का?

घेऊ नका. तुम्ही चिपळूणला लग्नाच्या फोटोंचे आणि अल्बमचे काम नव्याने सुरू करत आहात, मॉनिटरसाठी १५ हजार रुपये बाजूला काढले आहेत, आणि दुकानदार तेवढ्यात २७ इंची वक्र पडद्याचा मॉनिटर देतो आहे, तर तो घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. त्याचे उत्तर पहिल्या दोन शब्दांत आले. बाकीचे लिहिणे लांबले आहे, कारण जवळजवळ असाच मॉनिटर आमच्या घरात आला होता आणि त्यापायी माझ्यात आणि माझ्या दिरांत जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही.

रत्नागिरीत आमचा स्टुडिओ आहे. तो सासऱ्यांनी सुरू केला. आता फोटो भाऊजी काढतात आणि रंगदुरुस्तीपासून अल्बमची पाने लावण्यापर्यंतचे संगणकावरचे सगळे काम माझ्याकडे असते. २०१८ च्या लग्नसराईच्या तोंडावर जुना मॉनिटर बंद पडला, तेव्हा मी २४ इंची, आयपीएस पॅनेलचा, म्हणजे बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणाऱ्या जातीच्या पडद्याचा, साधा मॉनिटर सुचवला होता. भाऊजी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेले, एका दुकानात ओळीने मांडलेल्या पडद्यांपैकी जो सर्वांत झगझगीत दिसला तो त्यांनी घेतला आणि मांडवी एक्स्प्रेसमध्ये ते भलेमोठे खोके मांडीवर धरून घरी आणला. दुकानात प्रत्येक पडद्यावर पोपट नाहीतर कापलेली फळे असतात आणि उजेड पूर्ण चढवलेला असतो. त्या ओळीत खरा रंग दाखवणारा पडदा नेहमीच मलूल दिसतो. तिथे उभे राहून मॉनिटर निवडणे म्हणजे मुंडावळ्या पाहून नवरा पसंत करणे आहे. पडदा घरी चालू केल्यावर आम्ही सगळेच खूश झालो, हेही मान्य करते.

मे महिन्यात राजापूरकडच्या एका लग्नाचा ४० पानांचा अल्बम मी त्या पडद्यावर तयार केला. मुलीचा शालू आमसुली होता, म्हणजे धड जांभळा नव्हे आणि धड लालही नव्हे. ओले आमसूल उजेडात धरले की कडेला जी लाली आणि मध्ये जो काळपट जांभळेपणा दिसतो, तो रंग. नव्या पडद्यावर मला सगळेच फोटो निळसर आणि फार उजळ वाटत होते, म्हणून मी प्रत्येक फोटोत थोडा पिवळेपणा चढवला आणि उजेड उतरवला. डोळ्यांना बरे वाटू लागले तेव्हा काम झाले असे समजून फाइली कोल्हापूरच्या लॅबकडे पाठवून दिल्या.

अल्बम पोचल्यानंतर आठवड्याभरात मुलीची आई स्टुडिओत आली, ती एका हातात अल्बम आणि दुसऱ्या हातात जुन्या सुती साडीत गुंडाळलेला शालू घेऊन. डांबरगोळ्यांचा वास काउंटरपर्यंत आला. काउंटरवर काही न उघडता त्या दोन्ही वस्तू घेऊन दारात, उजेडाला गेल्या, शालूचा पदर अल्बमच्या उघड्या पानावर पसरला आणि शांतपणे म्हणाल्या, “मी मुलीला आमसुली शालू घेतला होता. हा काताच्या रंगाचा कुठून आणलात?” पानावरचा शालू खरोखरच काताच्या रंगाचा होता, मुलीच्या गालांवर कावीळ झाल्यासारखी झाक होती आणि नवऱ्या मुलाचा काळा कोट हा एक सपाट डाग झाला होता. सगळा अल्बम आम्ही पदरच्या पैशाने पुन्हा छापून दिला.

भाऊजींचे म्हणणे असे की लॅबने कागद बदलला. माझे म्हणणे असे की आपण मॉनिटर बदलला. सासऱ्यांची हयात डार्करूममध्ये गेली आहे. त्यांनी एवढेच विचारले की ४० पाने पाठवण्याआधी नमुन्याची एखादी पट्टी छापून पाहिली होती का. हा प्रश्न आम्हा दोघांनाही गैरसोयीचा असल्यामुळे कोणीच त्याचे उत्तर दिले नाही.

पुढच्या महिन्यात सावंतवाडीच्या एका ओळखीच्या छायाचित्रकाराकडून मी पडद्याचे रंग मोजणारे यंत्र, म्हणजे कॅलिब्रेटर, दोन दिवसांसाठी मागून आणले. पडदा अर्धा तास तापू दिला आणि यंत्र त्यावर टेकवून लटकवले. पांढरा रंग ६५०० केल्विनच्या जवळ हवा, तो ८३०० भरला. छपाईच्या कामाला चौरस मीटरला ८० ते १२० कँडेला उजेड पुरतो, तो २९० निघाला. केल्विनचा आकडा जितका चढा तितका पांढरा निळसर, म्हणजे पडद्याचा निळेपणा मारण्यासाठी मी फोटोत पिवळे घालत होते, आणि निळेपणा पडद्यातच राहून पिवळे तेवढे कागदावर उतरत होते. आमसुलीतला निळा अंश मेला की मागे कातच उरतो. उजेडाचेही तेच झाले: भगभगीत पडद्यावर नजरेला बरा वाटावा म्हणून दाबलेला फोटो कागदावर काळवंडला. लॅबने मी पाठवले तेच छापले होते, आणि हे मी भाऊजींना तेव्हाही दाखवले होते.

कोटाच्या डागाचे कारण वेगळे होते. तो पॅनेल व्हीए जातीचा होता. या जातीत काळा रंग आयपीएसपेक्षा गडद दिसतो, त्यामुळे चित्रपट पाहायला मजा येते, पण अशा पडद्यांपैकी कित्येकांवर अगदी समोरून पाहताना गडद छटा एकमेकींत बुडतात आणि मान बाजूला नेली की त्याच छटा उघड्या पडतात. मी खुर्ची वीतभर डावीकडे सरकवली की कोटाच्या कॉलरची शिवण दिसे, पुन्हा मध्ये आले की ती नाहीशी होई. आता यातले कोणते चित्र खरे मानून काम करायचे? हातभर अंतरावरच्या २७ इंची पडद्याचा मध्य आणि कोपरे आपण वेगवेगळ्या कोनांतून पाहतो, त्यामुळे पानाच्या डाव्या कडेचा चेहरा आणि मधला चेहरा एकाच फोटोतून उचललेले असूनही सारखे दिसत नाहीत. वक्रतेने हा दोष थोडा कमी होतो, हे खरे. पण मांडवाचे खांब सरळ आहेत की नाहीत हे पाहण्याची सोय त्याच वक्रतेने जाते. शिवाय त्या आकारात १९२० गुणिले १०८० इतकेच ठिपके असले तर इंचाला जेमतेम ८२ पडतात, आणि पापण्यांची धार तपासताना डोळे ताणावे लागतात.

तुम्ही २४ इंची, सपाट, आयपीएस पॅनेलचा मॉनिटर घ्या. पॅनेलची जात खोक्यावर किंवा माहितीपत्रकात लिहिलेली नसेल तर तो मॉनिटर सोडून द्या. त्यानंतर पाहायचे ते एसआरजीबी या रंगपट्ट्याचे, म्हणजे ठरवून दिलेल्या रंगांच्या आवाक्याचे, पडदा किती टक्के दाखवतो ते प्रमाण, जे ९९ ते १०० टक्के हवे. हा पट्टा ह्यूलेट-पॅकार्ड आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये सुचवला, आणि अल्बमच्या बहुतेक लॅब आजही फाइल त्यातच मागतात. काही खोक्यांवर एसआरजीबीऐवजी एनटीएससीचा आकडा छापतात. एनटीएससी हा १९५३ च्या अमेरिकी दूरदर्शनचा पट्टा आहे, त्याचे ७२ टक्के म्हणजे क्षेत्रफळाने साधारण पूर्ण एसआरजीबी. तेव्हा ७२ वाचून घाबरू नका, पण ४५ वाचलेत तर खोके तिथेच ठेवा. स्वस्त लॅपटॉपचे फिके पडदे याच मापाचे असतात. १.६७ कोटी रंग हा आकडा बहुतेक खोक्यांवर असतो आणि त्याने फारसे काही सिद्ध होत नाही, कारण सहा बिटांचा, म्हणजे लाल, हिरव्या आणि निळ्याच्या प्रत्येकी ६४ पायऱ्यांचा, पॅनेल मुळात २,६२,१४४ छटाच दाखवत असला तरी ठिपके भराभर आलटून-पालटून मधल्या छटांचा भास निर्माण करतो आणि तोच आकडा मिरवतो.

रंगपट्टा रुंद असणे आणि रंग खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही गोष्ट माझ्या घरात अजून एका माणसाला पटलेली नाही. पेटीत सगळे सूर असले म्हणून ती सुरात लागलेली असतेच असे नाही. सूर किती ढळला आहे ते डेल्टा ई या मापाने सांगतात. सरासरी २ च्या आत असेल तर आपल्या धंद्याला पुरे. असुसच्या प्रोआर्ट मालिकेतला पीए २४८ क्यूव्ही हा पूर्ण एसआरजीबीचा मॉनिटर कारखान्यातूनच २ च्या आत जुळवलेला येतो आणि त्याचा पडदा १९२० गुणिले १२०० असल्यामुळे उभ्या फोटोला थोडी जास्त उंची मिळते. डेलच्या पी मालिकेतला पी २४२२ एच ९९ टक्के एसआरजीबी दाखवतो आणि त्याचा स्टँड वर-खाली करता येतो. तुमच्या रकमेत त्या दिवशी यांतला कोणता बसतो ते दुकानात विचारा, आणि एकही बसत नसेल तर दोन महिने थांबा, पण २७ इंचांकडे वळू नका. ॲडोबी आरजीबी किंवा पी ३ अशा रुंद पट्ट्यांसाठी जादा पैसे मोजण्याची तुम्हाला आज गरज नाही. उलट रंगांचा हिशेब न ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये अशा पडद्यावर हळद लागलेला चेहरा शेंदूर लावल्यासारखा दिसतो.

मॉनिटर आला की त्यातली झगझगीत चित्रांची आणि खेळांची सेटिंग बंद करा, एसआरजीबीची सेटिंग असेल तर ती लावा, आणि उजेड उतरवा. किती, याचा घरगुती अंदाज असा: लॅबचा कोरा पांढरा कागद पडद्याशेजारी धरा आणि पडद्यावर कोरे पांढरे पान उघडा. पडदा कागदासारखा दिसेपर्यंत उजेड खाली आणा. तो ट्यूबलाइटसारखा दिसत असेल तर अजून चढा आहे.

खोलीकडे कोणी लक्ष देत नाही. आमची कामाची खोली पोपटी होती, आणि पोपटी भिंतीसमोर तासभर बसले की डोळा हिरव्याला सरावतो आणि पडद्यावरचा शुद्ध राखाडी रंग गुलाबी दिसू लागतो. भिंतीला फिका राखाडी रंग द्यावा म्हणून मी दोन वर्षे सांगत होते. भाऊजींना तो रंग सुतकी वाटत होता. आपल्याकडे त्यात आणखी भर अशी की उघड्या खिडकीतून मे महिन्यात चिऱ्याच्या अंगणाचा तांबडा उजेड आत येतो आणि जुलैत भर दुपारी दिवा लावावा लागतो, म्हणजे एकच फाइल दोन ऋतूंत दोन रंगांची वाटते. खिडकीला जाड पडदा लावून बारा महिने एकच पांढरा दिवा ठेवा, आणि पिवळा बल्ब त्या खोलीत नकोच. विजेच्या खेळखंडोब्याबद्दल चिपळूणकराला वेगळे सांगायला नको, यूपीएस घ्यालच.

आता काही गोष्टी ज्या आधी सांगायला हव्या होत्या. मी वर लिहिले ते फोटो आणि अल्बमपुरते आहे. पत्रिका, आंब्याच्या पेट्यांची लेबले असे ऑफसेटचे काम घेणार असाल तर कोणताही मॉनिटर तुम्हाला एकट्याने वाचवणार नाही, कारण चार शाईंत पडद्यावरचे कित्येक तेजस्वी केशरी आणि हिरवे रंग उमटतच नाहीत. त्यासाठी छापखान्याकडून त्यांच्या कागदाची प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उमटतात हे सांगणारी फाइल, मागून घ्यायची आणि सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापील रंगांचा पडद्यावरचा अंदाज, पाहून मगच काम द्यायचे. दुसरे, कारखान्यात जुळवलेला पडदाही काळाने ढळतो, त्यामुळे कॅलिब्रेटर केव्हातरी लागणारच. त्याची किंमत मॉनिटरच्या बरोबरीला जाते, म्हणून चार-पाच जणांनी मिळून एक घ्यावा हे उत्तम. त्याबरोबर येणारा प्रोग्रॅम नको असेल तर डिस्प्लेकॅल फुकट मिळतो. तिसरे, पहिल्या अल्बमआधी एक आठ गुणिले बारा इंचांचा नमुना छापून आणा. सासरे बरोबर होते.

आणि चौथे. सावंतवाडीच्या त्या यंत्राने दुसऱ्या दिवशी मी भाऊजींचा मॉनिटर जुळवला, तेव्हा पडद्याच्या मधल्या भागात डेल्टा ईची सरासरी १.८ आली, म्हणजे रंगाच्या बाबतीत तो पुष्कळच सरळ झाला होता आणि शालूपुरता दोष त्या मॉनिटरचा कमी आणि तो न जुळवता वापरणारीचा जास्त होता. हा आकडा मी घरात कोणाला सांगितला नव्हता. भाऊजी आता तो इथे वाचतील. तरीही कोटाची शिवण त्या पडद्यावर समोरून कधीच दिसली नाही आणि मांडवाचे खांब वाकडेच दिसत राहिले, त्यामुळे तुम्हाला दिलेले उत्तर मी बदलत नाही. तो मॉनिटर सध्या पुढच्या काउंटरवर बिलांसाठी आहे.

मॉनिटर हातात आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच पूर्ण पांढरे, पूर्ण काळे आणि मध्यम राखाडी अशी तीन पाने पडदाभर उघडून मेलेले ठिपके, कडेने गळणारा उजेड आणि एका बाजूची गुलाबी झाक पाहून घ्या, कारण परत करण्याची मुदत संपली की सर्व्हिस सेंटरसाठी कोल्हापूर नाहीतर मुंबई गाठावी लागते. आमच्याकडे आता स्वतःचा कॅलिब्रेटर आहे. रत्नागिरीला येणे झाले तर मला इथेच निरोप टाका, दोन दिवसांसाठी घेऊन जा. फक्त डब्यातली सिलिकाची पुडी काढून टाकू नका, आपल्या हवेत आतले फिल्टर लवकर खराब होऊ नयेत म्हणून ती ठेवली आहे.