नाशिकच्या नव्या वाइनरीची शिराझ-कॅबर्ने ब्लेंड, म्हणजे या दोन जातींच्या द्राक्षांची मिश्र रेड वाइन, आणली आहे. ती चाखायची कशी?

आधी बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा. रेड वाइन 'रूम टेंपरेचरला' प्यावी हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा. आपल्याकडच्या ३० अंशांत नाकाला अल्कोहोलची झळच आधी लागते. १६ ते १८ अंश उत्तम.

ग्लास एक तृतीयांशच भरा, गोल फिरवा आणि निवांत हुंगा. काळी मिरी आणि पिकल्या जांभळासारखा वास हा बहुधा शिराझचा. भोपळी मिरचीसारखी हिरवट छटा आली तर ती कॅबर्नेची. द्राक्षं पुरेशी पिकली नसली की ती जास्त जाणवते.

घोट लगेच गिळू नका, तोंडभर फिरवा. हिरड्यांवर कोऱ्या चहासारखा तुरटपणा येईल, तो टॅनिनचा, म्हणजे द्राक्षांच्या सालींतून-बियांतून येणाऱ्या तुरट घटकाचा. कोवळ्या वाइनमध्ये तो बोचरा असतो, म्हणून पहिल्या घोटावर निकाल देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. उरलेली वाइन जगमध्ये ओतून अर्धा तास उघडी ठेवा नि पुन्हा चाखा. फरक नक्की कळेल.

सोबत कमी तिखटाचं सुकं मटण घ्या. झणझणीत रश्श्याबरोबर वाइनचा तुरटपणा आणि जळजळ दोन्ही वाढतात.