ओंकार, मिशिगनला यायचं ठरवण्याआधी (डिसेंबर २०११)

ओंकार,

तुझे दोन्ही निरोप वाचले. तुझे प्रश्न आधी लिहून काढते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. इथली वाहनांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी एप्रिलमध्ये तुझा एच-१बीचा, म्हणजे कामाच्या व्हिसाचा, अर्ज भरायला तयार आहे. चाकणची नोकरी बरी चालली आहे, पण डॉलर ५२ रुपयांवर गेल्यापासून घरात सगळे म्हणताहेत की आत्ताच जा. तुला दोन गोष्टी हव्या आहेत: इथली मंदी संपली का, आणि पुढच्या वर्षी ओबामा परत आले तर आपल्या लोकांचं भलं की रिपब्लिकन आले तर?

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. संपलेली नाही, पण सगळ्यात वाईट काळ मागे पडला. देशातली बेकारी ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्के होती, गेल्या महिन्यात ८.६ वर आली. मिशिगनमध्ये २००९ साली ती १४ टक्क्यांच्या वर गेली होती. आता गाड्या विकल्या जाताहेत, इंजिनिअर लागताहेत. तुला देऊ केलेली नोकरी खरी असेल, यावर माझा विश्वास आहे.

दुसऱ्या प्रश्नाला वेळ लागला, कारण त्यात मी स्वतः गुंतले आहे.

मी २००७ साली नागरिकत्वाची शपथ घेतली आणि ४ नोव्हेंबर २००८ ला आयुष्यातलं पहिलं अमेरिकन मत दिलं. मुलांच्या शाळेच्या जिममध्ये केंद्र होतं, दीड तास रांगेत उभी होते. ताईला त्या रात्री फोन केला तेव्हा माझा आवाज फुटत नव्हता, तिला आठवत असेल. लेहमन ही मोठी बँक बुडून सात आठवडे झाले होते, आमच्या कंपनीत कपातीची पहिली यादी लागली होती, आणि तरी मला वाटत होतं की आता कुणीतरी आपल्याकडे बघणार आहे.

आधी बँकांचं सांगते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात बुश यांच्या अर्थमंत्र्यांनी ७०० अब्ज डॉलर मागितले. मागणीचा मसुदा होता तीन पानांचा. २९ सप्टेंबरला प्रतिनिधी सभेने तो प्रस्ताव २२८ विरुद्ध २०५ मतांनी फेटाळला, त्या दिवशी शेअर बाजाराचा डाऊ निर्देशांक ७७७ अंकांनी कोसळला, आणि ३ ऑक्टोबरला थोड्या फेरफारांनिशी तोच कायदा पास झाला. ओबामा आणि मॅकेन दोघेही सिनेटर होते, दोघांनीही बाजूने मत दिलं. मी महिनाभराने ज्या दोघांतून एकाची निवड केली, त्यांचं या बाबतीत आधीच एकमत झालेलं होतं. हे मला तेव्हा दिसलं नाही.

तो कायदा चुकीचा होता असं मी म्हणत नाही. बँका बंद पडल्या असत्या तर आमचे पगारही अडकले असते. गाड्यांच्या कंपन्यांना वाचवलं तेही योग्यच झालं. डिसेंबर २००८ मध्ये सिनेटने त्यांना कर्ज नाकारलं, तेव्हा बुश यांनी जाता जाता बँकांसाठीच्या पैशांतून १७.४ अब्ज डॉलर दिले आणि पुढचं काम ओबामांनी निभावलं. जनरल मोटर्स १ जून २००९ ला दिवाळखोरीत गेली आणि १० जुलैला बाहेर आली. तुला येणारं बोलावणं त्या चाळीस दिवसांमुळेच शक्य झालंय. म्हणजे सरकारने मनावर घेतलं की काम किती झपाट्याने होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. म्हणूनच पुढचं पाहून जास्त लागलं.

आमच्या शेजारचं कुटुंब तुला आठवत नसेल, तू आलास तेव्हा लहान होतास. त्यांच्या ओट्यावर तू गोट्या खेळायचास. तो माणूस गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये एकोणीस वर्षं होता, बायको शाळेच्या कँटीनमध्ये. जानेवारी २००९ मध्ये त्याचा ले-ऑफ झाला. फेब्रुवारीत ओबामांनी तीस ते चाळीस लाख कुटुंबांचे घराचे हप्ते कमी करून देणारी योजना जाहीर केली. मीच त्याला वर्तमानपत्र नेऊन दाखवलं. त्याने अर्ज केला. योजनेत तीन महिने कमी हप्ता भरून दाखवायचा आणि मग कायमची सवलत, असं होतं. त्याने अकरा महिने भरला. बँकेने त्याची कागदपत्रं तीन वेळा हरवली, दर वेळी नवीन माणूस फोनवर, दर वेळी पगाराच्या पावत्या पहिल्यापासून. शेवटी पत्र आलं की उत्पन्न पुरेसं नाही, आणि अकरा महिन्यांची तफावत एकरकमी भरा. तो नियमित भरत होता, तरी थकबाकीदार ठरला! दारावर शेरीफच्या लिलावाची नोटीस चिकटवलेली मी सकाळी गाडी काढताना पाहिली. इथे लिलावानंतर साधारण सहा महिने घर सोडवून घ्यायची मुदत असते. त्यांनी ती मुदत सामान बांधण्यात घालवली. ती योजना येऊन पावणेतीन वर्षं होत आली, कायमची सवलत मिळालेली घरं अजून दहा लाखांच्याही आत आहेत.

बँकांचं काम दोन आठवड्यांत झालं, त्याचं अकरा महिन्यांतही नाही. माझा भ्रमनिरास तिथे झाला, एखाद्या भाषणामुळे नाही.

का झालं, ते मी नंतर खोदून वाचलं. दिवाळखोरीत गेलेल्या माणसाच्या दुसऱ्या घराचं कर्ज न्यायाधीश कमी करू शकतो, पण राहत्या घराचं नाही, असा इथला कायदा आहे. तो बदलू, असं ओबामांनी प्रचारात सांगितलं होतं. ३० एप्रिल २००९ ला सिनेटमध्ये तो बदल ४५ विरुद्ध ५१ मतांनी पडला, आणि विरोधात मत देणाऱ्यांत बारा डेमोक्रॅट होते. त्याच पक्षाचे इलिनॉयचे सिनेटर डिक डर्बिन त्याच सुमारास रेडिओवर उघड म्हणाले की ही संसदच बँकांच्या मालकीची आहे. व्हाइट हाउसने त्या मतदानासाठी जोर लावलाच नाही. तसं पाहिलं तर सिनेटमध्ये साध्या बहुमताने भागत नाही, अडवणूक मोडायला १०० पैकी ६० मतं लागतात. साडेपाच लाख वस्तीच्या वायोमिंगला दोन सिनेटर आणि पावणेचार कोटींच्या कॅलिफोर्नियालाही दोनच. वर गेल्या वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ असा निकाल देऊन कंपन्यांना निवडणुकीत हवा तितका पैसा ओतायची मोकळीक दिली. हे शाळेतल्या नागरिकशास्त्रासारखं वाटेल, पण इथे निवडून आलेला माणूस दिलेला शब्द का पाळू शकत नाही, किंवा पाळायचा नसेल तर त्याला सबब कशी मिळते, ते यातून कळतं.

शेजारी २०१० मध्ये मत द्यायला गेला नाही. त्याच्यासारखे बरेच गेले नाहीत, आणि रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधी सभेत ६३ जागा वाढवून घेतल्या. आमच्या राज्यात गव्हर्नरही त्यांचा आला. मार्च २०११ मध्ये नव्या सरकारने दोन कायदे केले. एकाने बेकारभत्त्याचे राज्याचे २६ आठवडे २० वर आणले. तुझ्या काकांची नोकरी गेली होती तेव्हा आठवड्याला जास्तीत जास्त मिळणारे ३६२ डॉलर आम्ही मोजून वापरत होतो, त्यामुळे सहा आठवडे म्हणजे काय ते मला माहीत आहे. दुसऱ्याने अडचणीत आलेल्या शहरांवर राज्याचा आणीबाणी व्यवस्थापक बसवायची ताकद वाढवली. आपल्याकडे नगरपालिका बरखास्त करून प्रशासक नेमतात, तसंच समज, पण कामगारांचे करारही मोडायची मुभा असलेला. एप्रिलमध्ये बेंटन हार्बर या इथल्या गावाच्या व्यवस्थापकाने निवडून आलेल्या नगरसेवकांना फक्त बैठक सुरू करणं, इतिवृत्त मंजूर करणं आणि बैठक संपवणं, एवढंच काम ठेवलं. आणि या ८ नोव्हेंबरला फ्लिंटच्या लोकांनी महापौर निवडून दिला, त्याच दिवशी राज्याने तिथे आर्थिक आणीबाणी असल्याचं सांगितलं. आता महापौर आहे, पण अधिकार व्यवस्थापकाकडे. जनरल मोटर्स ज्या गावात जन्मली ते हे गाव.

राग लोकांत भरपूर आहे. ऑक्टोबरात डेट्रॉइटच्या ग्रँड सर्कस पार्कमध्ये बँकांविरुद्धच्या आंदोलकांनी तंबू ठोकले होते, मी एका रविवारी ब्लँकेटं घेऊन गेले. पण त्याआधी, २००९ मध्येच, टीव्हीवर एक समालोचक ओरडून विचारत होता की शेजाऱ्याचा हप्ता मी का भरू, आणि माझ्या कामाच्या ठिकाणी अर्धे लोक माना डोलावत होते. ती माणसं वाईट नव्हती. त्यांचीही घरं बुडाली होती. आमचंच घर २००५ च्या किमतीच्या निम्म्यावर आलंय.

आता तुझ्याबद्दल. आपल्या लोकांसाठी कुठला पक्ष बरा, याचं उत्तर २००९ सालीच मिळालं. सरकारी मदत घेतलेल्या बँकांवर एच-१बीवाले नेमायला कडक अटी घालणारी दुरुस्ती मांडली कुणी, तर व्हरमाँटचे डावे बर्नी सँडर्स आणि आयोवाचे रिपब्लिकन चक ग्रासली या दोघांनी मिळून. काही बँकांनी परदेशी विद्यार्थ्यांना दिलेली नोकरीची पत्रं परत घेतली. २०१० मध्ये निम्म्याहून जास्त कर्मचारी अशा व्हिसांवर असलेल्या मोठ्या कंपन्यांवर अर्जामागे २,००० डॉलर जादा शुल्क बसलं, ते डेमोक्रॅट सत्तेत असताना. ग्रीन कार्डात एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डांच्या तिसऱ्या श्रेणीत भारतीयांचे आज २००२ मधले अर्ज हाताळले जाताहेत. ही मर्यादा काढणारं विधेयक २९ नोव्हेंबरला प्रतिनिधी सभेत ३८९ विरुद्ध १५ मतांनी पास झालं आणि दुसऱ्याच दिवशी एकट्या ग्रासलींनी सिनेटमध्ये अडवून धरलं. त्याच्या भरवशावर तू एकही बेत आखू नकोस.

आमच्याच विभागातला नागपूरचा एक मुलगा २००९ मध्ये गुरुवारी कामावरून निघाला आणि अकराव्या दिवशी बायको-मुलीसह विमानात बसला. तेव्हा नोकरी गेली की व्हिसाचा आधार त्याच दिवशी जायचा, कायद्यात सवलतीचे दिवस नव्हते. तो सोशल सिक्युरिटी, म्हणजे इथली पेन्शनची वर्गणी, भरत होता, भारताशी तसा करार नसल्यामुळे ते पैसे इथेच राहिले. मुलीची पुस्तकं त्याने मंडळाच्या लायब्ररीत दिली.

म्हणून ये, पण अशी तयारी करून ये. कंपनीकडून ग्रीन कार्डाची प्रक्रिया कधी सुरू करणार आणि कुठल्या श्रेणीत, हे नेमणुकीच्या पत्रातच लिहून घे. पहिल्या वर्षी सहा महिन्यांचा खर्च आणि परतीची तिकिटं बाजूला पडेपर्यंत नवी गाडी नको. घरं स्वस्त झालीत म्हणून इथले एजंट तुझ्या मागे लागतील. ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत भाड्याने राहा. चाकणच्या साहेबांशी संबंध तोडून येऊ नकोस. ५२ चा भाव मनातून काढून टाक, कारण खर्च तुझा डॉलरमध्येच होणार आहे.

मी पुढच्या ६ नोव्हेंबरला मत द्यायला जाणार आहे. राष्ट्राध्यक्षाच्या रकान्यात काय करायचं, ते माझं अजून ठरत नाही. पण त्या व्यवस्थापकाच्या कायद्यावर सार्वमत व्हावं म्हणून राज्यभर सह्या गोळा होताहेत, १ लाख ६१ हजारांहून जास्त लागतात. कंपनीचं पत्र आलं की मला पाठव, मी ओळ न् ओळ वाचेन. रविवारी दुपारी मी लायब्ररीबाहेर सह्यांचा कागद घेऊन उभी असते, फोन उचलला नाही तर सोमवारी सकाळी तुझ्या वेळेने कर.

तुझी मावशी