तिचं काम थांबता कामा नये

अगं पोरी,

तुझा मेल आणि फोल्डर दोन्ही काल रात्री बघितलं. नंतर झोप लागेना म्हणून आत्ता पहाटे लिहायला बसलोय. थोडं विस्कळीत होईल, सांभाळून घे.

केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात आठ दिवसांत चार हजार फोटो काढले, सिंह मिळाले, चित्ता मिळाला, मारा नदी ओलांडणारे वाइल्डबीस्टसुद्धा मिळाले, मग घरी आल्यावर एकही फोटो परत उघडून बघावासा का वाटत नाही, असं विचारतेयस. आणि पुढच्या वर्षी लांबचं जवळ आणणारी ६०० एमएमची लेन्स घेऊ, की परत ट्रिप करू, की सोडूनच देऊ. सोडायचं वगैरे मला परत लिहू नकोस, राग येतो.

फोल्डरच्या अगदी तळाशी शिंपिणीचे, म्हणजे पानं शिवून घरटं करणाऱ्या शिंपी पक्ष्याच्या मादीचे, एकवीस फोटो आहेत, ट्रिपच्या आधीचे, घरामागच्या झाडावरचे. ते चुकून आले असं तू लिहिलंयस. त्यातला सातवा फोटो उघड आणि नीट बघ. पानाच्या कडेला तिने चोचीने बारीक भोक पाडलंय, त्यातून कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओढतेय, एक पाय देठावर, दुसरा पानामागे, आणि धागा ताणल्यामुळे पान तिच्याकडे वळत चाललंय. शेपटी फ्रेमबाहेर गेलीय, नॉईज, म्हणजे अंधारातले दाणे, भरपूर आहे, पण त्या क्षणी तू जगात आहेस हे तिला माहीतच नाहीये. तू अकरा दिवस खोलीतला दिवा बंद करून खिडकीच्या आत बसलीस आणि ती शिवत राहिली.

आता सिंहांचे फोटो बघ. प्रत्येक सिंह तुझ्याकडे बघतोय. झोपलेला मान वर करून बघतोय, पिल्लांना पाजणारी सिंहीण बघतेय. तू फोटो काढलास तो गाडीकडे बघणाऱ्या सिंहाचा. म्हणून परत बघावासा वाटत नाही. तुझ्यामुळे त्याचं काम थांबता कामा नये, एवढं एकच मला तुला सांगायचंय आणि या पत्रात तेच मी परत परत सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

लेन्सचं आधी संपवतो. तुझे दुपारचे फोटो सॉफ्ट, म्हणजे धूसर आलेत ते लेन्समुळे नाही. जमीन तापली की गरम हवा वर उठते आणि लांबचं सगळं थरथरतं, त्यातून हजार एमएम लावलीस तरी केस सुटे दिसणार नाहीत. सकाळी लवकरचे फोटो बघ, तीच लेन्स, कसे कडक आलेत. गाडीचं इंजिन बंद करायला सांग, बीन बॅगवर, म्हणजे दाणे भरलेल्या उशीवर, लेन्स टेकव, झालं.

आता जे मी कुणाला फारसं सांगत नाही ते सांगतो. तेव्हा मी तुझ्या आत्ताच्या वयापेक्षा थोडा मोठा असेन, घरामागच्या झुडपात बुलबुलाचं घरटं होतं, तीन पिल्लं. समोर एक फांदी येत होती, फोकस तिच्यावरच जायचा. मी ती फांदी सुतळीने बाजूला बांधली, म्हटलं अर्ध्या तासाने सोडू. ऊन चढलं तशी आई घरट्याच्या काठावर येऊन उभी राहिली, दोन्ही पंख पसरून, चोच उघडी, आणि पिल्लं तिच्या सावलीत. मी रोल संपवला. त्या फोटोचं फार कौतुक झालं, बक्षीससुद्धा मिळालं, लोक म्हणायचे काय माया टिपलीय. ती माझ्यामुळे उन्हात उभी होती गं. तिने निवडलेली सावली मी बांधून ठेवली होती, आणि ती धापा टाकत होती ते मी माया म्हणून टिपत होतो. संध्याकाळी सुतळी सोडायची राहिली. दुसऱ्या दिवशी घरटं रिकामं, कावळ्याला आता सगळं उघडं दिसत होतं. दोन दिवस ते दोघं आईबाप चोचीत किडे घेऊन त्याच झुडपात येत राहिले.

तो फोटो मी आता भिंतीवर लावत नाही. टाकूनही दिलेला नाही.

म्हणून घरट्याच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. एक पान हलवायचं नाही. आणि आपण जवळ गेलोय हे पक्षी सांगतो, नियमाची वाट बघावी लागत नाही. चोचीत अळी धरून तो घरट्यात न जाता पलीकडच्या फांदीवर चिडून ओरडत बसला, की तू जवळ आहेस, मागे हो. तो आत जाईपर्यंत मागे मागे जात राहा. तो गेला की तुझी जागा ठरली, मग तिथून जी लेन्स पुरेल ती पुरेल, फोटोत पक्षी छोटा आला तर छोटा येऊ दे, भोवतीचं झाड येईल, ते काय वाईट आहे?

परदेशात हे अवघड होतं कारण पैसे भरलेले असतात, दिवस मोजके असतात, आणि रेडिओवर कॉल आला की दहा गाड्या एका झुडपाकडे धावतात. एका प्राण्याभोवती पाचच गाड्या असा मारात नियम आहे, तुझ्या चित्त्याच्या फोटोत मागे मी नऊ मोजल्या. चित्ता दिवसा शिकार करतो कारण सिंह आणि तरस त्याच्या तोंडचं हिसकावतात, आणि नेमके दिवसाच आपण तिथे असतो. मारातल्याच चित्त्यांवरचा २०१८ मध्ये छापून आलेला एक अभ्यास आहे. जिथे पर्यटक कमी तिथे एका वेतातली सरासरी २.३ पिल्लं मोठी होऊन स्वतंत्र होतात, आणि जिथे पर्यटक खूप तिथे ०.२. आकडा परत वाच. तुझा माझा फोटो त्या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी बसलेला आहे.

मी स्वतः तिथे होतो तेव्हा चित्त्याची एक मादी गवतात दबा धरून पुढे सरकत होती. ड्रायव्हर म्हणाला, पुढे जाऊन आडवी गाडी लावतो, समोरून धावत येईल. मी नको म्हटलं. गाडीत आणखी चौघं होते, सगळ्यांना हवं होतं, मी आवाज चढवला. ती दोनशे मीटरवर धावली, धुळीत काही दिसलं नाही, कुणालाच फोटो मिळाला नाही. त्या रात्री माझ्याशी कुणी बोललं नाही, एकजण अजूनही म्हणतो की तू माझी ट्रिप खराब केलीस. मी विचार करून बघितलाय, अनेकदा. आवाज चढवायला नको होता, पहिल्याच दिवशी बसून बोलायला हवं होतं. पण गाडी आडवी घातली असती तर तिची शिकार गेली असती आणि पिल्लं असतील तर त्यांचं त्या दिवसाचं खाणं. मी आजही नकोच म्हणेन.

पॅसिफिकमधल्या गॅलापागोस बेटांवर प्राण्यापासून दोन मीटर लांब राहायचं आणि फ्लॅश अजिबात नाही, अंटार्क्टिकात पेंग्विनपासून पाच मीटर, उत्तर ध्रुवाजवळच्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर तर २०२५ पासून ध्रुवीय अस्वलापासून निदान ३०० मीटर आणि मार्च ते जून ५०० मीटर. त्यावर बरेच फोटोग्राफर चिडलेत, मला बरं वाटलं. पण पाच मीटरवर उभी राहून पेंग्विनची समुद्राकडे जायची वाटच अडवलीस तर नियम पाळूनही त्याचं काम थांबलंच ना? तो तिथेच ताटकळतो, तू हलेपर्यंत. बाजूला हो आणि बस. बसलीस की नजरेच्या उंचीवर येतेस, फोटोही तिथूनच चांगला येतो.

परत जायचं तर जरूर जा. फक्त निघण्याआधीच गाडीवाल्याला सांग की मला जवळ नको, मला थांबायचंय. एका सिंहिणीपाशी सकाळचे चार तास थांब. पहिली वीस मिनिटं कॅमेरा मांडीवर ठेव. ती बघेल, कान फिरवेल, मग कंटाळून तिच्या कामाला लागेल, तेव्हा उचल. तुला हे येतं, खिडकीत अकरा दिवस तू हेच केलंस, मग विमानात बसल्यावर ते कुठे गेलं?

आणि हो, एकविसाव्या फोटोत पानाची वरची कड सुटलेली दिसतेय. तिने ती परत शिवली का? खिडकीतूनच बघून कळव, खाली जाऊ नकोस.