पाठ्यपुस्तकाबाहेरचा इतिहास, विज्ञान आणि आजचे सामाजिक प्रश्न आठवी-नववीच्या मुलांपुढे कसे मांडावेत?

तुमची अडचण अशी दिसते: 'माहीत आहे का?' छापाची माहिती मुलं ऐकतात आणि विसरतात, आणि तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या घ्यायच्या तर तासिका पुरत नाहीत. माझ्या मते तीन विषय घेऊच नका. तिन्ही ज्यात आहेत अशी एकच घटना घ्या आणि तिची माहिती तारखेच्या क्रमानं, थोडी थोडी सोडा. शेवट आधी सांगितला की मुलांना डोकं चालवायला काही उरत नाही.

महाराष्ट्रातल्या वर्गासाठी मी १८९६-९७चा प्लेग निवडेन. मुलांना तो रँडच्या वधापुरता ऐकून माहीत असतो, बाकी सगळं नवं. ३५ मिनिटांच्या चार तासिका पुरतात.

पहिल्या तासिकेला पाच-सहा जणांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एक पान द्या. त्यावर मार्च १८९७ अखेरपर्यंत लोकांना जे ठाऊक होतं तेवढंच हवं. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडलेला. सप्टेंबर १८९६ मध्ये मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईत मांडवी भागात साथ ओळखली. ४ फेब्रुवारी १८९७ला साथरोग कायदा आला. १० मार्चला रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले प्लेगनं गेल्या. पुण्यात गोरे सैनिक घरात शिरून झडती घेऊ लागले. पिसवांचा उल्लेख चुकूनही नको, तो शोध १८९८चा. काम एवढंच: आपल्या पेठेसाठी तीन नियम लिहा आणि प्रत्येकापुढे 'याचा त्रास कोणाला?' हे लिहा. हा दुसरा रकाना सोडू नका. तो नसला की सगळे गट 'स्वच्छता राखा' लिहून मोकळे होतात.

दुसऱ्या तासिकेला साथ कशी पसरते ते दाखवणारा पेल्यांचा खेळ. मुलं तितके कागदी पेले, प्रत्येकात ५० मिली पाणी. एकाच पेल्यात सपाट अर्धा चमचा धुण्याचा सोडा पूर्ण विरघळवा. कोणत्या, ते कुणाला सांगू नका. सुरुवातीलाच प्रत्येक पेल्यातलं थोडं पाणी नाव घातलेल्या झाकणात काढून ठेवा. मग प्रत्येकानं तीन वेगवेगळ्या मुलांशी 'भेट' घ्यायची: एकाचं पाणी दुसऱ्यात ओतायचं आणि परत निम्मं-निम्मं करायचं. सगळ्यांच्या भेटी एकाच वेळी, शिट्टीवर, आणि कोणाशी भेटलो ते वहीत. शेवटी प्रत्येक पेल्यात फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब. सोडा असलेलं पाणी त्यानं गुलाबी होतं. ते नसेल तर हळद स्पिरिटमध्ये कालवून त्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या चालतात. त्या लालसर होतात.

इथे बिघडतं ते असं. खाण्याचा सोडा वापरला तर रंग नीट येत नाही, कारण तो पुरेसा अल्कधर्मी नसतो. पेला निम्म्याहून जास्त भरला तर ओतताना सांडतं. भेटी तीनच ठेवा: एकाचे दोन, चार, जास्तीत जास्त आठ. पाच भेटींत आकडा ३२वर जाऊ शकतो आणि माग काढायला काही उरत नाही. वह्या जुळवत मागे गेलं की मुलं पहिल्या जोडीपर्यंत पोचतात आणि अडकतात, कारण त्या दोघांपैकी पहिला कोण हे नोंदींवरून कळूच शकत नाही. मग झाकणातले नमुने काढा. सोड्याचं पाणी डोळ्यात वा तोंडात जाऊ देऊ नका. नंतर हात धुणं सक्तीचं.

तिसऱ्या तासिकेला फळ्यावर फक्त आकडे. जंतुशास्त्रज्ञ वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस बनवली. जंतू वाढवताना मांसाच्या रश्श्यावर ते तुपाचे थेंब तरंगवत, हे सांगितलं की वर्ग हमखास जागा होतो. १० जानेवारी १८९७ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली, आणि महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात स्वखुशीनं पुढे आलेल्या कैद्यांना. लस न घेतलेले १७२: आजारी १२, मृत ६. घेतलेले १४७: आजारी २, मृत ०. टक्केवारी मुलांनी काढावी. साधारण ७ आणि १.४ येते. पण तिथे थांबलात तर तास गणिताचाच झाला. पुढचे प्रश्न महत्त्वाचे: दोन्ही गट सारखे होते का? तुरुंगातल्या माणसाच्या 'हो'ला किती अर्थ?

लगेच मुल्कोवाल द्या. ३० ऑक्टोबर १९०२, पंजाबातलं हे गाव, १०७ जणांना लस टोचली, त्यातले १९ धनुर्वातानं दगावले. हाफकिन निलंबित झाले. एकोणीसही जणांची लस एकाच बाटलीतली होती, ही माहिती पाच मिनिटं दाबून ठेवा आणि 'उरलेले ८८ का वाचले?' एवढंच विचारा. कुणीतरी बाटलीपर्यंत पोचतंच. हाफकिन १९०७ मध्ये निर्दोष ठरले.

चौथ्या तासिकेला १८९८ची चिठ्ठी: कराचीत फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमों यांनी उंदरांवरच्या पिसवांमधून प्लेग पसरतो असं दाखवलं. आता मुलांनी आपलेच नियम दुरुस्त करायचे आणि पेल्यांच्या खेळातलं काय चुकीचं होतं ते सांगायचं. तो खेळ माणसाकडून माणसाला होणाऱ्या आजाराचा होता. गाठीच्या प्लेगला तसा लागू नाही. मग सांगा की तोच १८९७चा कायदा मार्च २०२०मध्ये महाराष्ट्रात लावला गेला, आणि पहिल्या दिवशीचा 'त्रास कोणाला?' हा रकाना टाळेबंदीसाठी भरायला लावा. इथे सांभाळून. कुणाच्या घरी कोण गेलं, कोणी लस घेतली नाही, हे वर्गात विचारू नका. लशीच्या बाजूनं की विरुद्ध असा हात वर करून कौलही नको. त्यात मुलं बाकावरच्या मित्राकडे बघून मत देतात.

गृहपाठ ऐच्छिक ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारायचं, प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिल्याचं त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलंय का. वांद्रे-गिरगावकडच्या मुलांना प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस शोधता येतील, गावाकडच्यांना मरीआईच्या देवळाची चौकशी करता येईल. आलेली प्रत्येक गोष्ट 'ऐकीव' किंवा 'नोंद असलेली' अशा शिक्क्यानिशी वहीत जावी. गुण द्यायचेच असतील तर १०पैकी ६ नियम का बदलले याच्या कारणांना द्या, तारखांना २ पुरेत, आणि सजावटीच्या तक्त्याला शून्य.